शोधमोहिमेत रुग्ण वाढतात, म्हणून मोहीम खोटी ठरते का?

चंद्रपूर, गडचिरोली आणि लगतच्या जिल्ह्यांत कुष्ठरुग्ण शोधमोहिमेचे दिवस जवळ आले, की एक लांबलचक संदेश पुन्हा हातोहात फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : कुष्ठरोग २००५ सालीच देशातून संपला, तरी घरोघर फिरून नवे रुग्ण दाखवले जातात, कारण आशाताईंना रुग्णामागे पैसे मिळतात आणि कंपन्यांची औषधे खपतात, घरातल्या निरोगी माणसांनाही गोळी चारली जाते, रोग शिवण्याने आणि रक्ताने पसरतो, आणि एकदा सरकारी दफ्तरात नाव चढले, की माणसाची रवानगी वसाहतीत होते, म्हणून अंगावर चट्टा असला तरी दाखवू नका. हे शेवटचे वाक्य नसते, तर बाकीचा मजकूर दुर्लक्षून चालले असते.

२००५ पासून सुरुवात करू, कारण संदेशाचा सगळा डोलारा त्याच सालावर उभा आहे. सरकारी कागदांत ज्याला 'दुरीकरण' म्हणतात, ते आपण 'निर्मूलन' म्हणून वाचले, आणि घोटाळा तिथेच झाला. जागतिक आरोग्य परिषदेने १९९१ साली ठरवलेल्या व्याख्येप्रमाणे दर १०,००० लोकसंख्येमागे उपचाराखालील रुग्णांची संख्या एकाहून खाली आली, की कुष्ठरोग 'सार्वजनिक आरोग्याची समस्या' उरला नाही असे मानायचे. भारताने डिसेंबर २००५ मध्ये ०.९५ हा आकडा गाठला, आणि तेवढेच जाहीर झाले. म्हणजे त्या दिवशीसुद्धा देशात लाखभर माणसे या रोगाची औषधे घेत होती. चंद्रपूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या सुमारे २२ लाख धरली, तर जिल्ह्यात २०० रुग्ण उपचार घेत असतानाही तो या व्याख्येत बसतो. शिवाय ही देशाची सरासरी होती. जिल्ह्याजिल्ह्यांतले अंतर तिच्यात दिसत नाही.

या आकड्याची आणखी एक गंमत आहे. तो उपचार चालू असलेल्यांचा आकडा आहे. केवळ डॅप्सोन या एकाच औषधावर भिस्त होती त्या काळात रुग्णाचे नाव वर्षानुवर्षे, कधी जन्मभर, नोंदवहीत राहत असे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुविध औषधोपचार पद्धती, म्हणजे आपल्या बोलण्यातली एमडीटी, आली आणि कमी जंतूंच्या रुग्णाचा उपचार ६ महिन्यांत, तर जास्त जंतूंच्या रुग्णाचा पुढे १२ महिन्यांत पुरा होऊ लागला. उपचार पुरा झाला की नाव कमी होते. दर दहा हजारी ५७.६ वरून एकाच्या खाली आलेल्या या घसरणीत लाखो माणसे खरोखर बरी झाली हे तर आहेच. पण प्रत्येक नाव नोंदवहीत किती काळ राहते हे बदलल्यानेही आकडा उतरला. यात लबाडी काही नाही. मात्र नव्याने सापडणारे रुग्ण त्या वेगाने घटले नाहीत. २००५ नंतरची दहा वर्षे ते दरसाल सव्वा लाखाच्या आसपासच राहिले. २०२३ साली जगात १,८२,८१५ नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी १,०७,८५१ भारतातले होते. संपलेल्या रोगाचे हे आकडे नव्हेत.

'मोहीम आली की रुग्ण वाढतात' हे विधान खरे आहे. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या अनुमानात. कुष्ठरोगाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी ५ वर्षे आणि कधीकधी २० वर्षे जातात. आज सापडलेला चट्टा यंदाच्या लागणीचा नसतो, तो आधीपासून त्या घरात होताच. २०१६ पासून शोधमोहिमा जोमाने सुरू झाल्या, त्याआधी रुग्णाने आपण होऊन दवाखान्यात यावे अशीच बहुतेक ठिकाणची रीत होऊन बसली होती. न दुखणारा, न खाजणारा डाग घेऊन मजुरी बुडवून कोण येणार? उलट बाजूचा पुरावा २०२० सालाने दिला. २०१९ मध्ये देशात १,१४,४५१ नवे रुग्ण सापडले होते, २०२० मध्ये ६५,१४७. रोग एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आला असे मानायचे, तर टाळेबंदीला कुष्ठरोगाचे औषध म्हणावे लागेल. शोधणारी माणसे घरात बसली होती, एवढाच त्याचा अर्थ.

मग जिल्ह्याचे काम कशावरून जोखायचे? माझ्या मते दोन आकडे मागावेत. नव्या रुग्णांपैकी किती जणांना सापडले तेव्हाच हातापायाची किंवा डोळ्याची दृश्य विकृती, म्हणजे ग्रेड २ विकृती, होती? आणि नव्या रुग्णांत मुले किती? विकृती घेऊनच सापडणारे जास्त असतील, तर यंत्रणा काही वर्षे उशिरा पोहोचते आहे. आणि मुलांचे प्रमाण मोठे असेल, तर संसर्ग आजही चालू आहे. संदेश लिहिणाऱ्याला आरोग्य खात्याला धारेवर धरायचेच असेल, तर हे दोन आकडे हाती घ्यावेत; ते खात्याला अधिक अडचणीचे आहेत. अनुभवी कुष्ठरोग कर्मचारी निवृत्त होतात आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहतात, ही तक्रारही रास्तच आहे.

आकडे फुगवल्याच्या आरोपात एक बारीकशी सत्याची कणी आहे, तीही सांगून टाकतो. घरोघर तपासणीत जे निघतात ते 'संशयित'. त्यांची संख्या मोठी असते आणि बातमीत बहुधा तीच छापून येते. निदान त्यांतल्या थोड्यांचेच होते, आणि ते आशाताई करत नाहीत, वैद्यकीय अधिकारी करतात. घाईत एखादे शिबे कुष्ठरोग म्हणून नोंदले जाऊ शकते, म्हणून नव्या रुग्णांची फेरतपासणी काटेकोर हवी. पण याच्या उलट चूक मला जास्त वेळा दिसते : बधिर चट्ट्याला गजकर्ण समजून महिनोन्महिने मलम चोळत राहणे. आशाताईंच्या मानधनाचे म्हणाल, तर विकृतीपूर्वी रुग्ण शोधल्यास २५० रुपये आणि विकृतीनंतर २०० रुपये, तेही निदान पक्के झाल्यावर. पुढे उपचार पुरा करवून घेतल्यास ४०० किंवा ६०० रुपये. सहा महिने किंवा वर्षभर कुणाच्या उंबऱ्याशी जाऊन गोळ्यांचे पाकीट संपले का हे विचारत राहण्याचा हा मोबदला आहे. आणि कंपन्यांचा धंदा? एमडीटीची औषधे २००० सालापासून नोव्हार्टिस कंपनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत विनामूल्य पुरवते, रुग्णालाही ती फुकट मिळतात. खप वाढवून नफा मिळवण्याचा हा प्रकार विचित्रच म्हणायचा.

निरोगी माणसांना दिली जाणारी गोळी रिफाम्पिसिन या जंतुनाशक औषधाची असते, आणि ती एकदाच दिली जाते. रुग्णाच्या सहवासातल्यांना लागण होण्याचा धोका सर्वांत जास्त, म्हणून २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती आली. बांगलादेशातल्या मोठ्या चाचणीत पहिल्या दोन वर्षांत धोका ५७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले होते. गर्भवती, दोन वर्षांखालील मुले आणि क्षयरोगाची लक्षणे असलेले यांना ती देत नाहीत. सरसकट 'चारणे' याला म्हणत नाहीत.

रोग शिवण्याने आणि रक्ताने, म्हणजे वंशपरंपरेने, होतो या दोन्ही समजुती जुन्या आहेत. नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू दाखवला, तेव्हाच आनुवंशिकतेचा पाया ढासळला. लागण मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ, निकट सहवासात श्वासावाटे होते, आणि बहुसंख्य माणसांच्या अंगात या जंतूविरुद्ध प्रतिकारशक्ती असतेच. उपचार सुरू झाला की संसर्गाचा धोका झपाट्याने ओसरतो. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना स्वतः मालिश करत, तेव्हा तर आजची औषधेही नव्हती.

वसाहतीची भीती मात्र अशी झटकून टाकता येत नाही, कारण ती आपल्याच भूमीत उगवली आहे. वर्ध्याजवळचे दत्तपूर कुष्ठधाम १९३६ मध्ये उभे राहिले, वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ सालची. घराने आणि गावाने बाहेर काढलेल्यांना आसरा हवा होता, म्हणून या संस्था जन्मल्या. आजचा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याची पहिली मात्रा कर्मचाऱ्यासमोर घेतो, २८ दिवसांचे पाकीट खिशात घालतो आणि कामावर जातो. लघवी लालसर होते, कातडी काही काळ काळवंडते, हे आधीच सांगितलेले बरे. १८९८ चा रुग्णांना वेगळे ठेवण्याचा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ च्या दुरुस्तीने वैयक्तिक कायद्यांतून वगळले गेले. तरी दारात सरकारी जीप थांबली की वस्तीत कुजबुज होते, हे खरे आहे. त्यावर उपाय जीप गावाबाहेर थांबवण्याचा किंवा रुग्णाला बाह्यरुग्ण विभागात बोलावण्याचा आहे; चट्टा झाकून ठेवल्याने कुजबुज फक्त पुढे ढकलली जाते, आणि तेव्हा ती वाकड्या बोटांविषयी असते.

बोटे काही जंतू खात नाहीत. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस सुजते, करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होऊन आखडू लागते. तव्यावरची भाकरी उलटताना चटका बसतो, फोड दिसतो, पण कधी भाजले ते त्या बाईला आठवत नाही. शेतातून घरी आल्यावर कळते की एका पायातली चप्पल वाटेतच गळून पडली होती. जखम दुखत नाही म्हणून तिला विसावा मिळत नाही. ती चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि मग बोट झडते. नसेचे नुकसान सहा महिन्यांच्या आतले असेल, तर स्टेरॉइडने संवेदना आणि ताकद परत येण्याची शक्यता चांगली असते. पुढे ती कमी कमी होत जाते. 'दाखवू नका' हा सल्ला रुग्णाचे नेमके हेच महिने खातो.

आणि दाखवायचे म्हणजे करायचे तरी काय असते? डोळे मिटून बसायचे. डॉक्टर बॉलपेनचे टोक हलकेच इकडेतिकडे टेकवतात, जिथे कळेल तिथे आपण बोट ठेवायचे. कोपरापाशी नस चाचपली जाते, मूठ घट्ट मिटायला सांगतात. चट्ट्यावर पेन टेकले आणि बोट जागचे हललेच नाही, तर बहुधा त्याच दिवशी पहिले पाकीट हातात पडते.