खुलासा: जन्मतः वाकडा कणा मालिशने सरळ होत नाही

‘बाळाचा कणा जन्मतः वाकडा असेल तर मालिश आणि पट्टा पुरे; 18 वर्षांआधी ऑपरेशन केलं तर उंची खुंटते’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. यातलं निम्मं चूक आहे, निम्मं अर्धवट.

जन्मजात स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे जन्मतःच कणा बाजूला वाकलेला असतो तेव्हा, मणकाच नीट घडलेला नसतो. गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच कुठे अर्धा मणका तयार होतो, कुठे शेजारचे दोन एका बाजूने चिकटलेले राहतात. (ग्रहणाचा इथे काही संबंध नाही, तेही सांगून टाकतो.) एक्स-रेत हा अर्धा मणका पाचरीसारखा दिसतो. हाडाचा आकार तेल चोळून बदलत नाही, पट्ट्यानेही नाही.

उंचीची भीती मात्र अगदीच निराधार नाही. लहान वयात छातीमागच्या कण्याचा लांब भाग सांधून (म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडून) टाकला तर तेवढा भाग वाढत नाही आणि फुप्फुसांची वाढही अडते. म्हणूनच सर्जन ते शक्यतो टाळतात. एकच अर्धा मणका त्रास देत असेल तर तो काढून फक्त वरचा-खालचा मणका स्क्रू-रॉडने जोडतात, तेही बऱ्याचदा शाळेत जायच्या आधीच. बाक लांबलचक असेल तर वाढीबरोबर लांबवता येणारे रॉड बसवतात. बाक वाढत असूनही ऑपरेशनसाठी 18 वर्षांपर्यंत थांबलं तर तो ताठर होतो. मग ऑपरेशन मोठं आणि मज्जारज्जूला धोकाही जास्त.

काही बाक वाढतच नाहीत, त्यांना चाकू लावायची गरज नसते. ते ठरतं ठरावीक अंतराने एक्स-रे काढून, कोन मोजून. निदान झालं की मज्जारज्जूचा एमआरआय, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि हृदयाचा इको करून घ्या. तिथले जन्मदोष अशा मुलांत बरेचदा सोबत सापडतात.