‘वीस मिनिटांत नवे हास्य’: हिरड्यांविषयी फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

लग्नसराई जवळ आली की नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो आणि कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंतच्या मुली तो मोबाइलवर उघडूनच दवाखान्यात येतात. मजकुरातले दावे थोडक्यात असे : हसताना हिरड्या दिसणे हा दोष आहे, लेझरने जास्तीची हिरडी वीस मिनिटांत काढता येते, त्यात दुखत नाही, रक्त येत नाही, परिणाम आयुष्यभर टिकतो, हे कोणालाही चालते, आणि लग्नाच्या आठवडाभर आधी केले तरी पुरते. हिरड्यांना आकार देण्याची शस्त्रक्रिया मी स्वतः करतो आणि योग्य रुग्णात तिचा परिणाम सुरेख येतो, त्यामुळे या उपचारालाच माझा विरोध आहे असे कोणी समजू नये.

पहिल्या दाव्याला फार वेळ द्यायला नको. मनमोकळे हसताना वरच्या दातांवर एक-दोन मिलिमीटर हिरडी दिसणे अगदी सर्वसामान्य आहे. साधारण तीन मिलिमीटरच्या पुढे ती डोळ्यांत भरू लागते, पण तेवढ्याने तो आजार ठरत नाही. शिवाय वयाबरोबर वरचा ओठ खाली येतो आणि विशीत दिसणारी हिरडी पुढे बरीच झाकली जाते. जिला स्वतःच्या हसण्याची कधी अडचण वाटली नाही, तिला केवळ स्थळ बघायला पाहुणे येणार म्हणून हिरड्या कापायला घेऊन येणे मला पटत नाही.

दुसरा दावा ‘जास्तीच्या हिरडी’चा. हसताना हिरड्या जास्त दिसतात याचे कारण दर वेळी हिरडीत नसते. कुणाचा वरचा ओठ आखूड असतो किंवा हसताना गरजेपेक्षा जास्त वर ओढला जातो; कुणाचा वरचा जबडाच उंचीला मोठा असतो. अशा वेळी हिरडी कितीही कापली तरी मूळ अडचण जागच्या जागी राहते. जबड्याच्या वाढीवर दात सरळ करण्याचे उपचार किंवा प्रत्यक्ष जबड्याची शस्त्रक्रिया लागते. ओठाच्या स्नायूंसाठी बोटॉक्सचे इंजेक्शन चालते, मात्र त्याचा परिणाम काही महिन्यांतच ओसरतो. काही जणांची हिरडी औषधांमुळे वाढते. फिट्सवरचे फेनिटॉइन, रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिन किंवा निफेडिपिन आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन ही त्यातली ठळक नावे. ही औषधे रुग्णाने आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच पर्याय शोधावा लागतो. तारा लावलेल्या मुलामुलींमध्ये तर बऱ्याचदा साचलेल्या कीटणामुळे हिरडी सुजलेली असते. नीट सफाई झाली आणि ब्रश व्यवस्थित होऊ लागला की काही आठवड्यांत सूज उतरते व दाताची झाकलेली लांबी आपोआप दिसू लागते. सुजलेली हिरडी कापणे म्हणजे पुराच्या दिवसांत गोदेच्या पाण्यावरून घाटाच्या पायऱ्या मोजणे.

या उपचाराचा खरा फायदा होतो तो दात पूर्ण येऊनही ज्यांची हिरडी मागे सरकलेली नसते, अशांना. वरच्या मधल्या दाताचा इनॅमलचा भाग साधारण साडेदहा मिलिमीटर लांब आणि साडेआठ मिलिमीटर रुंद असतो. अशा रुग्णात त्यातले आठच मिलिमीटर बाहेर असले तर दात आखूड आणि चौकोनी दिसतो. पण इथेही किती कापायचे हे फोटो पाहून ठरवता येत नाही. जागा बधिर करून मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक, बोथट सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच घालावी लागते. गुळगुळीत इनॅमल जिथे संपते ती कड आधी बोटांना जाणवते. मग सळई आणखी आत सरकवली की टोक कठीण हाडावर टेकते. कडेचा आणि हाडाचा असे दोन्ही आकडे प्रत्येक दातासाठी लिहून घ्यायचे असतात.

या आकड्यांवरच ‘आयुष्यभर टिकते’ हा दावा उभा राहतो किंवा कोसळतो. हाडाच्या वर सुमारे दोन मिलिमीटर जागा हिरडी दाताला चिकटण्यासाठी लागते, हे 1961 सालच्या मोजमापांपासून दंतवैद्यकात माहीत आहे. त्यावरची उथळ फट धरली की हिरडीचा काठ हाडापासून साधारण तीन मिलिमीटरवर स्थिरावतो. अंतर पाच मिलिमीटर भरले तर दोन मिलिमीटर हिरडी निर्धास्त काढता येते. ते तीनच असेल आणि तरीही कापली, तर काही महिन्यांत ती पुन्हा वाढून येते, किंवा काठ कायम लाल राहून ब्रश करताना रक्त येते. अशा ठिकाणी हिरडी उचलून खालचे हाड थोडे तासावे लागते आणि टाके घालावे लागतात, म्हणजे मजकुरातली वीस मिनिटे तिथेच संपतात. उलट बाजूची चूक अधिक महागात पडते. हाड जास्त तासले गेले किंवा ते मुळातच पातळ असले, तर दाताचे मूळ उघडे पडून गार पाणी झोंबू लागते. आणि दोन दातांमधले हिरडीचे टोक गेले की तिथे दिसणारी काळी फट भरून काढण्याचा खात्रीचा उपाय आजही नाही.

लेझरविषयी एक गोष्ट मान्य करायला हवी : दवाखान्यांत सर्रास असलेल्या डायोड लेझरने रक्त खरोखरच कमी येते. मात्र तो मऊ भागापुरताच उपयोगाचा आहे. त्याने हाड तासता येत नाही, उलट त्याची उष्णता हाडाला लागली तर अपाय होतो. कापताना दुखत नाही त्याचे श्रेय भुलीचे आहे, आणि ती भूल ब्लेड वापरले तरी दिलीच जाते. भूल उतरल्यावर दोन-तीन दिवस जागा हुळहुळते. सराईत हातात ब्लेडचा परिणाम कुठेही कमी नसतो, त्यामुळे जाहिरातीत यंत्राचे नाव मोठे आणि मोजमापाचा उल्लेखच नाही असे दिसले की मी सावध होतो.

‘कोणालाही चालते’ हे विधान तर धोक्याचेच आहे. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हिरड्यांचा जुना आजार असेल, तर आधी त्याकडे पाहावे लागते. आपल्याकडे यात मशेरीची भर पडते. रोज तंबाखू रगडून हिरडी आधीच सरकू लागलेली असते आणि जखमही उशिरा भरते, तिथे सौंदर्यासाठी कापायला हात लावू नये. शंका असेल तर दुसरे मत घ्यावे. हिरड्यांचे तज्ज्ञ शहरात आहेत आणि पंचवटीतल्या दंत महाविद्यालयातही हा स्वतंत्र विभाग आहे.

राहिला आठवडाभराचा दावा. केवळ मऊ हिरडी काढली असेल तर वरची जखम एक-दोन आठवड्यांत भरते. म्हणजे मजकुरातला आठवडा तेव्हाही अपुरा पडू शकतो. हाड तासले असेल तर हिरडीचा काठ कायमच्या जागी बसायला तीन ते सहा महिने जातात, आणि समोरच्या दातांवर व्हिनीअर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा) किंवा कॅप बसवायची असल्यास तोपर्यंत थांबावे लागते, नाहीतर काठ सरकून जोड उघडा पडतो. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला असेल, तर अशी शस्त्रक्रिया वैशाख-ज्येष्ठातच उरकायला हवी.