हिमांशूचा उन्हाळा

आमच्या घरातल्या रजया कपाटाबाहेर निघतात त्या ऐन उन्हाळ्यात. बाहेर ऊन मी म्हणत असते, पाखरेसुद्धा सावली सोडत नाहीत, आणि आत मी, बायको, मुलगी आणि आई असे चौघेजण एकाच खोलीत नाकापर्यंत रजई ओढून निजलेलो असतो. ज्याच्यासाठी हा सगळा थाट, तो पायथ्याशी फरशीवर चारी पाय चार दिशांना पसरून पालथा पडलेला असतो. त्याचे नाव हिमांशू. जात सायबेरियन हस्की, वजन चोवीस किलो. त्यात केस किती आणि कुत्रा किती, याचा हिशेब घर झाडणाऱ्याकडे मागावा.

तो आमच्याकडे आला तो केवळ त्याच्या निळ्या डोळ्यांमुळे. एरवी साध्या चपला घेतानाही मी चार दुकाने पालथी घालतो. पण त्या डोळ्यांनी एकदा पाहिले आणि मी चकार शब्द न काढता हो म्हटले. डोळ्यांच्या मागे जे काही अंगभर पांघरलेले होते, त्याकडे माझे लक्षच गेले नाही. ते गेले तेव्हा उन्हाळा तोंडावर आला होता, आणि मग मी वाचायला बसलो. (वाचन आधी करायचे असते, असे बायको म्हणाली. ती हे आधीही म्हणाली होती.) वाचून कळले ते असे की, ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरच्या गाड्या ओढण्यासाठी पिढ्यान् पिढ्या जी कुत्री जोपासली, त्यांचा हा वंशज, उणे चाळीस अंशांत शेपटी नाकावर घेऊन उघड्यावर निवांत झोपणारा. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ पसरली, तेव्हा सुमारे वीस गाडीवान आणि दीडशे कुत्र्यांनी आळीपाळीने धावून एक हजाराहून अधिक किलोमीटरचे बर्फ साडेपाच दिवसांत तुडवले आणि औषध पोहोचवले. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टो नावाच्या हस्कीचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उभा राहिला. एवढे वाचून माझी छाती अभिमानाने फुगली आणि मी हिमांशूकडे पाहिले. बाल्टोचा हा भाऊबंद फ्रिजच्या दाराला नाक लावून, कोणी पाणी प्यायला उठते का, याची वाट पाहत पडला होता.

उन्हाळा लागताच मला पहिला सल्ला मिळाला तो हजामतीचा. घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा पहिला घोट घेण्याआधी सांगतो, "अहो, एवढे केस कशाला ठेवलेत? भादरून टाका की!" सुरुवातीला मलाही हे पटले होते. माणूस उन्हाळ्यात स्वेटर काढून ठेवतो, मग कुत्र्याने का काढू नये? पण प्राण्यांच्या डॉक्टरांनी मला ज्या नजरेने गप्प केले, ती नजर मी शाळा सोडल्यापासून पाहिली नव्हती. या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ, दाट लोकरीचा आणि वरचा लांब, राठ केसांचा. थर्मासमधला चहा गरम राहतो आणि सरबत गार राहते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. वरचे केस उन्हाचा ताप कातडीपर्यंत सहजी पोहोचू देत नाहीत, आणि ते मुळापासून कापले तर कातडी उन्हाने भाजते. शिवाय पुन्हा येणारे केस पूर्वीसारखे येतीलच याची हमी नसते. कापायचे नाही, फक्त सुटलेली आतली लोकर विंचरून काढायची, म्हणजे केसांतून वारा खेळतो, असा हुकूम झाला.

'फक्त' हा शब्द डॉक्टरांचा. ही लोकर वर्षातून साधारण दोनदा एकदम सुटते, आणि त्या दोन-तीन आठवड्यांत मी लांब दात्यांचा दाताळे-ब्रश घेऊन गच्चीत बसतो. ब्रश एकदा फिरवला की मूठभर लोकर हाती येते, दुसऱ्यांदा फिरवला की पुन्हा मूठभर, आणि पन्नासाव्या वेळीही तेवढीच येते. ती नाकात जाते, भुवयांवर बसते, वरणात सापडते. कामावर एकदा माझ्या काळ्या विजारीकडे पाहून एका सहकाऱ्याने हळूच विचारले की, घरी गाद्या भरायचे काम काढले आहे का. या उद्योगाचा फायदा झाला तो एका चिमणीचा. तिने गच्चीतली लोकर चोचीचोचीने नेऊन खिडकीवरच्या वळचणीत घरटे मढवले. भर उन्हाळ्यात लोकरीत बसणारे आमच्या खेरीज दुसरे एक कुटुंब आहे, एवढाच त्यातला दिलासा.

फिरायला जाण्याचे वेळापत्रकही बदलले. आता आम्ही पहाटे साडेचारला निघतो. संध्याकाळी ऊन उतरले म्हणजे रस्ता निवला असे मुळीच नसते. डांबर दिवसभर प्यायलेली उष्णता रात्रीपर्यंत सोडत राहते आणि त्यावर पाय ठेवायचे असतात ते अनवाणी प्राण्याने. म्हणून रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहायची. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. नियम साधा आहे, पण तो चारचौघांत पाळायचा असतो. मी फाटकाबाहेर गुडघे टेकून, हात रस्त्यावर उपडा ठेवून, ओठातल्या ओठात आकडे मोजतो, तेव्हा येणारेजाणारे थबकतात. एक आजोबा चष्मा सावरत माझ्यासोबत बराच वेळ पडलेले नाणे शोधत होते. दुसऱ्या एका बाईंनी लांबूनच हात जोडले. मला की रस्त्याला, ते कळले नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. येतो तो पंजांच्या तळव्यांना, आणि तेवढ्याने काही भागत नाही. त्याचा सगळा भरवसा जिभेवर. धापा टाकायच्या, तोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊ द्यायची आणि तेवढी उष्णता बाहेर घालवायची. हवा दमट असली की वाफ नीट होत नाही आणि धाप नुसतीच चालू राहते. म्हणून मी पारा पाहतो तसा हवेतला दमटपणाही पाहतो, आणि आकाशात ढग दिसले की शेतकऱ्याच्या वरताण चिंतेने वर बघत उभा राहतो.

पाण्याचा प्रयोग आम्ही मोठ्या हौसेने केला. मुलीने पसरट टब आणला, त्यात गार पाणी भरले आणि हिमांशूला बोलावले. तो आला, त्याने पाण्यात एक पंजा घातला, विचार केला आणि मग दोन्ही पुढच्या पंजांनी टब असा काही उकरायला लागला की, पाच मिनिटांत टब कोरडा आणि गच्ची, भिंती व आमची आई ओली झाली. रिकाम्या टबात मग तो ऐटीत बसला. त्याच्या पाठीवर ओला टॉवेल पांघरण्याची माझी युक्तीही फुकट गेली, कारण जाड केसांवर टाकलेला ओला टॉवेल थोड्याच वेळात कोमट होतो आणि उष्णता आतच कोंडतो. भिजवायचे ते पोट, जांघा आणि पंजे, आणि मग पंखा लावायचा. हे करण्यासाठी कुत्रा उताणा असावा लागतो. हिमांशू उताणा होतो तो फक्त मी कामावर जायच्या कपड्यांत असताना.

हे सगळे अंगवळणी पडले असे वाटत असतानाच एका दुपारी दार लोटायचे राहिले, समोरून मांजर गेले आणि सायबेरियाचे रक्त जागे झाले. पंधरा मिनिटांनी तो आपणहून परत आला. त्याची चाल झोकांड्या खाणारी होती, तोंडातून चिकट, दोरीसारखी लाळ लोंबत होती आणि ओठ उचलून पाहिला तर हिरड्या विटेसारख्या लाल. या क्षणी विनोद सुचत नाही. बायकोने डॉक्टरांना फोन लावला आणि मी नळाची नळी ओढली. बर्फ शोधत बसू नका, साधे गार पाणी अंगावर धरा, वारा घाला आणि मग इकडे आणा, असे डॉक्टर म्हणाले. आधी गार करायचे, प्रवास नंतर. आईने पदराने वारा घालायला सुरुवात केली. शेजारी पंखा चालू आहे, हे तिला दिसतच नव्हते. गाडीच्या सगळ्या काचा खाली करून आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा त्याचा ताप चाळीस अंश सहा भरला. निरोगी कुत्र्याचा साधारण अडतीस ते एकोणचाळीस असतो, आणि एकेचाळीसच्या पुढे गेला की आतले अवयव बिघडू लागतात. म्हणजे आम्ही उंबरठ्यावरून परत आलो होतो. ताप साडेएकोणचाळीसवर उतरताच डॉक्टरांनी पाणी थांबवले. नाहीतर अंग प्रमाणाबाहेर गार पडते म्हणाले. ताप मोजण्याची जागा हिमांशूला मुळीच आवडली नाही, आणि ते त्याने हस्कीच्या रीतीप्रमाणे न भुंकता लांबलचक हेल काढून सांगितले. तो आवाज ऐकून मला इतके बरे वाटले की मी तिथेच खुर्चीत बसलो.

त्या दिवसापासून एसीच्या रिमोटचा ताबा आईकडे गेला. कुत्रा घरात येण्याला तिचा कडाडून विरोध होता, हे इथे नमूद केले पाहिजे. खोलीबाहेर पडताना पंखा चालू राहिला म्हणून जिने मला तीस वर्षे बोल लावले, तीच आता दुपारी दारात उभी राहून सांगते, "बंद करू नकोस रे, त्याला उकडतंय." मला उकडते तेव्हा ती वाळ्याचे पाणी पी म्हणते. एसी एकाच खोलीत असल्यामुळे सगळे घर तिथे गोळा झाले आणि रजया बाहेर निघाल्या. मुलगी कानटोपी घालून अभ्यास करते. मला सर्दी झाली आहे. उन्हाळ्यात सर्दी कशी झाली, असे कोणी विचारले की मी कुत्र्याचे नाव सांगतो आणि लोक माझ्याकडे सहानुभूतीने पाहतात.

काल रात्री दोनच्या सुमारास मला थंडीने जाग आली. पायथ्याची फरशी रिकामी होती. पोटात धस्स झाले, रजई गुंडाळूनच मी शोधायला निघालो. हिमांशू न्हाणीघरात होता. मोरीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून, हनुवटी जाळीवर ठेवून तो गाढ झोपला होता, आणि झोपेत त्याचे चारही पंजे धावल्यासारखे हलत होते. खोलीतला एसी एकोणीसवर चालला होता. आत तिघी कुडकुडत झोपल्या होत्या. मी रिमोट घ्यायला आईच्या उशीकडे हात नेला, तेवढ्यात ती डोळे न उघडता म्हणाली, "राहू दे, येईल तो परत."