वाड्याच्या माजघरात फोटो कसे काढायचे? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचं म्हणणं असं, की ‘दिवे घालवा, बाहेरच्या उजेडात फोटो काढा’ हा फोनने घरात फोटो काढण्याचा माझा सल्ला नाशिकच्या गंगापूर रोडच्या मोठ्या खिडक्यांच्या फ्लॅटना ठीक आहे. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात भर दुपारी माजघरात दिवा लागतो. दिवा लावला तर फोटोवर काळे पट्टे, नाइट मोड लावला तर पोळ्या लाटणाऱ्या सासूबाईंना चार हात. मग सरळ फ्लॅश का नको?

वाड्याला खिडक्या कमी असतील, पण चौक आहे ना? चौकातून दारात येणारा उजेड आभाळाचा, मऊ असतो. पश्चिमेच्या खिडकीतल्या उन्हापेक्षा चेहऱ्याला कितीतरी चांगला. भाजी निवडायचा पाट उंबऱ्यापासून तीन-चार फुटांवर सरकवून ठेवा, माणूस आपोआप तिथे बसेल. त्या उजेडात पिवळा दिवा मिसळला की अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळसर येतो. दिवा घालवायचा तो एवढ्यासाठी.

स्वयंपाकघर अगदीच आत असेल तर दिवा लावाच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि प्रत्येक आवर्तनात उजेड दोनदा कमी-जास्त होतो. त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो. शटर, म्हणजे उजेड टिपायचा वेळ, १/२५० सेकंद असलं की काही ओळींना भरपूर उजेड मिळतो, काहींना कमी. तेच तुमचे पट्टे. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे शटर आपण स्वतः ठरवतो) १/१०० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला उजेडाचा पूर्ण चढउतार मिळतो; माणूस निवांत बसलेला असेल तर १/५०. लाटणं जरा हललेलं दिसेल, दिसू दे. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६००, गरज पडली तर ३२००. दाणे येणारच, पण ४ बाय ६ च्या प्रिंटवर ते फारसे खुपत नाहीत. हललेला चेहरा खुपतो. नाइट मोड एकामागून एक घेतलेल्या अनेक फ्रेम एकत्र करतो, म्हणून हात वाढतात. तो देवघरातल्या समईपुरताच बरा. टेलिफोटोपेक्षा (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सपेक्षा) मुख्य लेन्स जास्त उजेड घेते, तेव्हा झूम न करता एक पाऊल पुढे जा. आणि आधी लेन्सची काच पुसा! धुरकट फोटोंच्या मुळाशी बहुतेकदा फोडणीचं तेलकट बोट असतं.

फ्लॅशने मांडणीवरची स्टीलची भांडी चकाकतात आणि मागचं सगळं काळं पडतं. फारच अंधार असेल तर दुसऱ्या फोनचा टॉर्च तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर मारा. भिंत पांढरी हवी मात्र. निळ्या भिंतीवर मारलात तर चेहरेही निळे येतील.