पायात पिशवी

"शुगर आहे का?"

पहाटेच्या थंडीत निफाडच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीपाशी सायकल टेकवून मी उजव्या पायातून दुधाची रिकामी पिशवी ओढून काढत होतो, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या बाबांनी हे विचारलं. माकडटोपी, तिच्यावरून मफलर, स्वेटरवर स्वेटर, वर घोंगडी. आणि पायात नुसत्या रबरी चपला.

"नाही बाबा. थंडी वाजते म्हणून."

"थंडीला पिशवी?"

"वारा लागू नये म्हणून."

"वारा तोंडाला लागतो. तोंड तर उघडं ठेवलंय तुम्ही." त्यांनी माझ्या निळसर अंगठ्याकडे निरखून पाहिलं. "आमच्या साडूचं असंच झालं. आधी अंगठा गेला. मग..." पुढचं त्यांनी हातानं दाखवलं: आधी घोट्यापाशी, मग गुडघ्यापाशी. "सायकल डॉक्टरनी सांगितली असंल."

"नाही हो. हौस म्हणून चालवतो."

यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग चहावाल्याकडे वळून हलक्या आवाजात, पण मला नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "यांचे पैसे घेऊ नको रं." त्या पठ्ठ्यानं खरंच घेतले नाहीत. वर दोन खाऱ्या दिल्या. मी नोट पुढे केली, तर "राहू द्या, औषधाला होतील" म्हणाला.

दया सोसवेल एक वेळ. पण त्या उघड्या, भेगाळलेल्या पायांना थंडी वाजत नव्हती, ते काही केल्या सोसवत नाही.

कारण आहे त्याला. बाबा चालत आले होते. चालताना दर पावलाला पाऊल वाकतं, बोटं हलतात, रक्त खेळतं राहतं. सायकलवर राबतात त्या मांड्या. पाऊल कडक सोलवर निपचित पडलेलं असतं. त्यात निफाड, राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीतलं ठरलेलं गाव. पारा ८ अंशांवर असताना ताशी २५ किलोमीटरनं निघालात, की उघड्या कातडीला ती थंडी ४ अंशांसारखी लागते. इथले बागाईतदार द्राक्षाच्या घडांसाठी रात्रभर शेकोट्या पेटवतात. सायकलवाल्याच्या बोटांना तेवढाही बाजारभाव नाही.

अंग गार पडलं की शरीर आधी हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि ऊब पोटाकडे राखून ठेवतं. म्हणून पावलांची सोय गुडघ्यापासून करावी लागते. पारा १५ च्या खाली असेल तर गुडघे झाकायचे, छातीवर वारा अडवणारं जाकीट घालायचं. उघड्या गुडघ्यांनी निघून महागडे मोजे घालणाऱ्याला कोण काय सांगणार!

मोज्यांबद्दल तर जो तो दोन जोड घालायला सांगतो. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन जोड कोंबले, की पाऊल आवळतं, रक्त अडतं आणि ऊब धरणारी हवाच उरत नाही. बोटं आधीपेक्षा लवकर बधिर होतात. लोकरीचा एकच जोड पुरतो. दोनच हवे असतील तर बूट एक नंबर मोठा घ्यायचा. सुती मोजे नकोतच, ते घाम पिऊन ओले राहतात. बुटाचा पुढचा पट्टा एक खाच सैल सोडायचा. बोटं आत हलवता आली पाहिजेत.

वारा शिरतो तो दोन वाटांनी: वरच्या जाळीतून, आणि तळाला क्लीट (बूट पेडलला अडकवणारी खाच) बसवायच्या भोकांतून. ही दुसरी वाट कुणाच्या ध्यानात येत नाही. आतलं सोल उचलून भोकांवर रुंद चिकटपट्टी लावायची, जाळीवर बाहेरून. आणि ती पिशवी: अर्ध्या लिटरची, साबणानं धुतलेली (न धुतल्यास परिणाम सोबत्यांना विचारावेत), मोज्यावरून फक्त बोटांपुरती चढवायची. घोट्यापर्यंत ओढली तर घाम आतच साचतो, तासाभरात मोजा चिंब, आणि मग थंडी दुप्पट. नांदुरीहून सप्तशृंगी गड चढताना पाय घामेजतात आणि उतारावर गोठतात ते याच हिशेबानं. चढावर जाकिटाची चेन उघडायची, कोरडा मोजा खिशात ठेवायचा, वर पोचल्यावर बदलायचा.

गरम होणाऱ्या पुड्याही मिळतात. आत लोखंडाची भुकटी असते. हवा लागली की ती तापते. घट्ट बुटात हवाच नसते, म्हणून पुडी दहा-पंधरा मिनिटं आधी उघडायची आणि मोज्यावरून, बोटांच्या वरच्या बाजूला लावायची. नुसत्या कातडीवर नाही. मधुमेहानं पायाची संवेदना कमी झालेल्यांनी तर वापरूच नये. चटका बसलेला कळत नाही. इथे बाबांना अर्धा मार्क द्यावा लागतो. घरी आल्यावर बधिर पाय कढत पाण्यात बुडवायचे नाहीत, तेही याचसाठी. कोमट पाणी बास.

खरा उपाय म्हणजे बुटावरून चढवायचे निओप्रीनचे, म्हणजे जाड, ताणणाऱ्या रबराचे कव्हर. वारा अडतो, पिशवीची नामुष्की टळते. पण ते मिळायला हवेत ना! ऐन डिसेंबरात दुकानभर जाळीचे बूट, "हवा खेळती राहते" म्हणून कौतुकानं पुढे केलेले. कव्हर विचारले तर "आपल्याकडे कुठे एवढी थंडी?" असं म्हणणारा माणूस स्वतः कानटोपी घालून बसलेला. शेवटी माळ्यावरून एक जोड निघाला, मीडियम. माझा पाय दहा नंबरचा. "ताणतात ते," म्हणाला. ताणले, आणि चेन त्याच्या हातात आली. आता तो म्हणतो, मे महिन्यात या, स्वस्तात लावून देतो. देईलही. मीडियमच देईल.