फ्रिज लपवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तालमींच्या, सोसायट्यांच्या आणि निवृत्त मास्तरांच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: जनगणनेत सांगितलेली माहिती 'सामाजिक संशोधनासाठी' म्हणून आधार, रेशन, बँक आणि आरटीओच्या नोंदींशी जोडणार. मग कॉम्प्युटर एका क्लिकवर घर शोधणार. नाव काढून टाकलं तरी माणूस सापडतोच. अशा जोडणीनं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. तेव्हा प्रगणक दारात आला की फ्रिज, गाडी काही सांगू नका.

यातला एक दावा अर्धा खरा आहे आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे येतोच. आधी बाकीचे.

'माहिती रेशन आणि योजनांना जोडणार.' जनगणना होते १९४८ च्या कायद्यानं. त्याचं कलम १५ म्हणतं, प्रगणकानं भरलेली नोंद पाहण्याचा हक्क कुणालाच नाही. दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाही आणि फौजदारीतही, जनगणनेशी संबंधित गुन्ह्याचा खटला सोडला, तर चालत नाही. वाटणीच्या दाव्यात 'यांनी जनगणनेत एकत्र कुटुंब लिहिलंय' असा कागद कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात कुणाला ठेवता येणार नाही. (याच कायद्यात बाईनं नवऱ्याचं नाव सांगायलाच पाहिजे असं नाही, अशीही सूट आहे. प्रगणकासमोर उखाणा घ्यायची सक्ती नाही!)

मग फ्रिजची भीती आली कुठून? ती हवेतून आलेली नाही. २०११ मध्ये सुरू झालेली सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणी ही जनगणना नव्हती. ती ग्रामविकास मंत्रालयाच्या पुढाकारानं, जनगणना कायद्याच्या बाहेर झाली. योजनांचे लाभार्थी ठरवणं हाच तिचा उद्देश होता. ज्यांच्याकडे फ्रिज, लँडलाइन फोन किंवा दुचाकी, ती घरं आपोआप बाहेर काढायची, असे निकष त्यात होते. नावानिशी याद्या हरकतींसाठी गावात लागल्या. पुढं घरकुल आणि आयुष्मान भारतचे लाभार्थी त्याच माहितीवरून निवडले गेले. फ्रिज आणि दुचाकीची अट घरकुल योजनेतून २०२४ मध्ये निघाली, पण लोकांच्या डोक्यातून निघाली नाही.

त्यात २०१० चा गोंधळ. घरयादीच्या, म्हणजे जनगणनेच्या पहिल्या टप्प्याच्या वेळीच राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीही भरून घेतली गेली. ती नागरिकत्व कायद्याखालची, म्हणजे वेगळ्या कायद्याचा वेगळा कागद. पण दारात उभा असलेला मास्तर एकच. लोकांनी दोन्ही एकच समजले, तर दोष लोकांचा नाही.

आणि लाडकी बहीण? ज्या घरात चारचाकी आहे ती नावं शोधायला सरकारला जनगणना लागली नाही. परिवहन विभागाच्या याद्या होत्याच, पडताळणीला अंगणवाडी सेविका दारात आल्या. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार जन्म-मृत्यूचा राष्ट्रीय डेटाबेस मतदार यादी, रेशन कार्ड, पासपोर्ट अशा याद्या ठेवणाऱ्यांना देण्याची सोय झाली. नावानिशी जोडणी आहे ती तिथं. त्यावर एक मेसेज फिरताना मी पाहिला नाही.

'एका क्लिकवर घर सापडणार.' हे लिहिणाऱ्यानं कधी दोन याद्या समोरासमोर ठेवून पाहिलेल्या नाहीत. आपल्या जिल्ह्यात एकेका गावात एकाच नावाचे किती पाटील असतात? कुठं 'दत्तात्रय', कुठं 'दत्तू', इंग्रजीत तीन स्पेलिंग. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही. आणि शाळेच्या दाखल्यावर अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून.

दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे संभाव्यतेनं ठरवण्याचं गणित फेलेगी आणि सन्टर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये मांडलं. आजच्या बऱ्याच पद्धती त्याच पायावर उभ्या आहेत. दुर्मीळ गोष्ट जुळली की तिला वजन जास्त, सगळ्यांत सापडणारी जुळली तर जवळपास शून्य. 'पाटील' आणि '१ जून' यांचं वजन किती पडेल, तुम्हीच ठरवा.

मेसेजवाल्यांना दिसत नाही तो फरक इथं आहे. संशोधनात शंभरातल्या पाच जोड्या चुकल्या, तर सरासरी थोडी धूसर होते आणि ती धूसरता मोजताही येते. योजनेच्या पात्रतेसाठी केलेल्या जोडणीत त्याच पाच चुका म्हणजे पाच घरांचं रेशन बंद. पहिल्या जोडणीतून कुणाच्याही दारात काही परत येत नाही. दुसरी दारात परत येण्यासाठीच केलेली असते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंही संशोधन आणि सांख्यिकीला सवलत देताना हीच कसोटी लावली आहे: त्या माहितीवरून त्या माणसाबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

'नाव काढलं तरी माणूस सापडतो.' हा तो अर्धा खरा दावा. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं, की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून सुमारे ८७ टक्के अमेरिकन माणसं एकमेव ठरतात. आपल्याकडं गगनबावडा हा लोकसंख्येनं जिल्ह्यातला सर्वांत लहान तालुका. तिथल्या एखाद्या वाडीत एका जातीचं एकच घर असेल, तर गावनिहाय, जातनिहाय तक्त्यात नाव छापायची गरजच काय? जातीची नोंद घ्यायचा निर्णय ३० एप्रिल २०२५ ला झालाय. तेव्हा हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा: लहान आकडे झाकणार का, किती खालच्या पातळीपर्यंतचे तक्ते छापणार?

कायदा आहे म्हणून निर्धास्त राहा, असंही मी म्हणणार नाही. १९४२ मध्ये अमेरिकेनं युद्धकालीन कायदा करून जनगणनेची गोपनीयता उठवली. जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत धाडताना वस्तीनिहाय आकडे वापरले गेले. तिथं नाव लागलंच नाही, गल्ली पुरली. पश्चिम जर्मनीत १५ डिसेंबर १९८३ ला घटना न्यायालयानं जनगणना कायद्यातली काही कलमं रद्द केली. मोजणीचा कागद रहिवाशांची स्थानिक नोंदवही दुरुस्त करायला वापरण्याची त्यात तरतूद होती. मोजणी अखेर १९८७ मध्ये झाली. भीती रास्त होती, पण उपाय खोटं बोलणं हा नव्हता. मोजणी आणि कारभार यांच्यात भिंत घालून घेतली.

ती भिंत कशी असते? इंग्लंड-वेल्समध्ये १९७१ च्या जनगणनेपासून एक अभ्यास चालू आहे. वर्षातल्या चार जन्मतारखा निवडल्या आणि त्या गुप्त ठेवल्या. त्या दिवशी जन्मलेली माणसं, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास, दर जनगणनेत शोधून त्यांच्या नोंदी जन्म, मृत्यू आणि कर्करोगाच्या नोंदींशी जोडतात. संशोधकाला नाव दिसत नाही, फाइल घरी नेता येत नाही, बाहेर येणारा प्रत्येक तक्ता आधी तपासला जातो. (आपल्याकडं त्या चारांत चुकून १ जून आली, तर नमुना म्हणून अर्धं गावच हाती येईल.)

'कुणाचं काय भलं झालं?' याच अभ्यासातून कळलं, की १९७१ मध्ये काम शोधत असलेल्या पुरुषांचे पुढच्या दशकातले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त होते, आणि त्यांच्या बायकांचेही. नुसती जनगणना हे सांगू शकत नाही, मृत्यूचा दाखलाही नाही.

पण हा प्रश्न कोल्हापुरात विचारावा, याचं नवल वाटतं. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या ७१ अधिकारपदांपैकी ६० ब्राह्मणांकडे होती. नोकरांची यादी लोकसंख्येशेजारी ठेवल्याशिवाय त्या ६० चा अर्थ लागत नाही. २६ जुलै १९०२ च्या ५० टक्के राखीव जागांच्या आदेशामागं तो हिशेब उभा आहे.

अलीकडचं घ्या. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागं ८३९ मुली निघाल्या. मुली कमी आहेत, एवढंच जनगणना सांगते. त्या कुठं नाहीशा होतात, याचा माग सोनोग्राफीच्या एफ फॉर्ममध्ये, म्हणजे गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीला भरायच्या कागदात. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना ते फॉर्म ऑनलाइन झाले आणि मशीनवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर', म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र बसलं. २०११ ला आकडा ८६३ झाला. पण याचं श्रेय लगेच त्या यंत्राला देऊ नका. २०११ ची ० ते ६ वयाची बहुतेक मुलं यंत्र बसण्याआधीच जन्मलेली होती. नक्की काय घडलं, ते जन्मनोंदी तालुकावार शेजारी ठेवल्यावरच कळेल.

आणि ऊसतोडणी. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. फेब्रुवारीत आपल्याकडं गाळप चालू असतं. २०११ च्या नियमानं जो माणूस मोजणीच्या संपूर्ण काळात घरी नसेल, तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. म्हणजे बीडची कुटुंबं शिरोळ-कागलच्या फडातल्या खोपीत मोजली जाणार, आणि त्यांच्या पोरांचं नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर हजर. दोन्ही कागद आपापल्या जागी खरे. पटावर असूनही फडात असलेली पोरं किती, हे दोन्ही जोडल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही.

'म्हणून फ्रिज सांगू नका.' जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सोडा. फ्रिज लपवून रेशन वाचत नाही, कारण रेशनवाल्यांना हा कागद दिसतच नाही. घरातली माणसं लपवलीत तर मात्र फटका बसतो. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवरून ठरतात. त्या अजून २०११ च्या आकड्यांवर चालल्यात. पुढचे आकडे एकदा छापले, की तेही वर्षानुवर्षं तसेच राहतील.