नाडी ७२ आहे, मग पेसमेकर कशाला? (फिरत असलेल्या मेसेजला उत्तर)

"हार्ट फेल्युअरवाल्याची नाडी नीट असेल तर पेसमेकर म्हणजे नुसती लूट, उलट त्याने हार्ट बिघडतं, आणि बसवलाच तर गोळ्या बंद करता येतात" असा मेसेज सगळीकडे फिरतोय. हे वाचून कोणी ऑपरेशन रद्द केलं तर ते जिवावर बेतू शकतं, म्हणून लिहितोय.

पहिलं नाडीचं. इथे प्रश्न ठोके किती पडतात हा नाहीच, हृदयाच्या दोन भिंती एकाच वेळी आवळतात का हा आहे. डावी बंडल (डाव्या बाजूला विजेचा सिग्नल नेणारी हृदयातली वाट) ब्लॉक असली की मधला पडदा आधी आवळतो आणि बाहेरची भिंत मागून, तोवर पडदा सैल पडलेला, मग रक्त पुढे जायचं ते आतल्या आत हेलकावतं. माझ्या वडिलांच्या ईसीजीत क्यूआरएस (सिग्नल हृदयाच्या खालच्या कप्प्यांत पसरायला किती वेळ लागतो ते दाखवणारा भाग) चार बारीक चौकोन रुंद होता, म्हणजे १६० मिलिसेकंद (नॉर्मल १२० च्या आत), आणि नाडी मात्र ७२! सीआरटी पेसमेकरची (दोन्ही भिंतींची वेळ जुळवणारा पेसमेकर) जास्तीची वायर शिरेतून डाव्या भिंतीपाशी नेतात आणि दोन्ही बाजूंना एकदम सिग्नल देतात. २००५ च्या केअर-एचएफ ट्रायलमध्ये ८१३ पेशंट होते, साधारण अडीच वर्षांत नुसत्या औषधांवरचे ३० टक्के गेले, सीआरटीवाले २० टक्के. याला लूट कसं म्हणायचं?

"उलट हार्ट बिघडतं" यात मात्र तथ्य आहे, पण अर्धंच. फक्त उजव्या बाजूने सतत पेसिंग केलं (पेसमेकरने ठोके दिले) तर कमजोर हृदय आणखी खचू शकतं, २००२ च्या डेव्हिड ट्रायलमध्ये ते दिसलं. आणि क्यूआरएस १३० च्या आत असताना सीआरटी लावून फायदा दिसेना, म्हणून इको-सीआरटी ट्रायल २०१३ मध्ये मध्येच थांबवली, उलट सीआरटीवाल्यांत मृत्यू जास्त निघाले. म्हणजे पेसमेकर वाईट असं नाही, कोणाला आणि कुठून पेस करायचं हे बघावं लागतं. आता तर थेट डाव्या बंडलपाशी वायर बसवतात, सिग्नल हृदयाच्या स्वतःच्या वाटेनेच जातो. तरी सगळ्यांनाच गुण येत नाही, साधारण तिघांतल्या एकाला फारसा फरक पडत नाही, हेही आधी सांगायलाच हवं.

गोळ्यांचं म्हणाल तर केअर-एचएफमधले सीआरटीवालेही औषधं घेतच होते. उलट पेसमेकरमुळे नाडी फार उतरायची भीती गेली की बीटा ब्लॉकरचा (नाडी हळू करणारं हृदयाचं औषध) डोस वाढवता येतो.

म्हणून डॉक्टरांना विचारायचंच असेल तर हे विचारा: क्यूआरएस किती, ब्लॉक डावा आहे का, ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं) ३५ च्या खाली आहे का, आणि औषधं पुरेशा डोसमध्ये निदान तीन महिने झालीत का.